मंत्रीमहोदय, आधी आमच्या शेजारच्या बांधकामावरची माणसं मोजा

प्रति,
माननीय केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: लोकसंख्या, स्थलांतर आणि फेब्रुवारी 2027 ची जनगणना

माननीय महोदय,

सादर नमस्कार.

मी इंदूरच्या सुदामा नगरात राहणारी निवृत्त शिक्षिका. 2011 च्या जनगणनेत मी प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माणसं मोजणारी, होते. तेव्हा एक चूक झाली, माझ्याच हातून, आणि ती अजून डाचते. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

माझ्या वाट्याच्या ब्लॉकमध्ये एक अर्धवट इमारत होती. 2010 साली घरयादी केली तेव्हा तो प्लॉट रिकामा होता. गाजरगवत आणि बसलेल्या दोन गाई. पुढल्या फेब्रुवारीत गेले तर तीन मजल्यांचे खांब उभे, आणि खाली, जिथे पुढे पार्किंग झालं, तिथे निळी ताडपत्री बांधून तीन चुली मांडलेल्या. माणसं अकरा, पश्चिम मध्य प्रदेशातल्या अलीराजपूरकडची. एक पोर आईच्या कडेवर, दुसरं सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर झोपलेलं. मी फॉर्म काढला तेवढ्यात ठेकेदार आला. "मॅडम, ये तो मामा लोग हैं, इनका नाम गाँव में लिखेंगे." झाबुआ-अलीराजपूरच्या मजुरांना आमच्याकडे सगळे 'मामा'च म्हणतात. मायेने की तुच्छतेने, ते म्हणणाऱ्याच्या आवाजावरून कळतं. दुपारचे दोन वाजले होते, शाळेत परीक्षांची कामं पडली होती. मी पेनाला टोपण लावलं आणि पुढच्या घराची बेल वाजवली.

नियम मला पाठ होता. गणनेचा सगळा काळ जो आपल्या गावाबाहेर असेल, त्याला जिथे सापडेल तिथे लिहायचं. तो काळ होता 9 ते 28 फेब्रुवारी. ही मंडळी गावी परततात भगोरियाला, म्हणजे होळीच्या आधीच्या आठवड्यात, आणि त्या वर्षी होळी 19 मार्चला होती. मार्च लागला तेव्हाही ताडपत्रीखाली चुली पेटत होत्या. गावी त्यांच्या दाराला कडी आणि इथे माझ्या पेनाला टोपण. देशाच्या 121 कोटींत ती अकरा माणसं बहुधा कुठेच नाहीत.

जनगणना आपल्या मंत्रालयाकडे, परदेशी नागरिकांची नोंद आपल्याकडे, नागरिकत्व देणं-न देणंही आपल्याकडेच. म्हणून हे पत्र आरोग्यमंत्र्यांना नाही, आपल्याला.

लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्या देशात चर्चा दोनच ठिकाणी जाऊन थांबते: पोरं किती आणि घुसखोर किती. 1 फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात वेगाने वाढणाऱ्या लोकसंख्येसाठी उच्चाधिकार समिती जाहीर झाली. 2025 च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून लोकसंख्येचा तोल बिघडवणाऱ्या घुसखोरीविरुद्ध मिशनची घोषणा झाली. दोन्ही मी ऐकल्या, आणि दोन्ही वेळा मला ती ताडपत्री आठवली.

पोरांचं आधी उरकते, कारण तो प्रश्न आपण समजतो त्यापेक्षा बराच सुटलेला आहे. 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका बाईमागे सरासरी 3.4 मुलं होती; 2019-21 मध्ये ती 2.0 वर आली. मध्य प्रदेशही 2.0 वर. लोकसंख्या स्थिर राहायला 2.1 लागतात, म्हणजे आपण त्या रेघेच्या खाली उतरलो आहोत. तरी आकडा वाढतोय, कारण आधीच जन्मलेली तरुण पिढी मोठी आहे आणि तिलाही मुलं होणारच. ती वाढ कुठल्याही कायद्याने मागे फिरत नाही. बिहार त्या सर्वेक्षणात 3.0 वर होता, हे खरं. पण तिथे मुली शिकल्या, लग्नं उशिरा झाली की तिथलाही आकडा उतरेल. केरळात तो असाच उतरला.

कायद्यांचं म्हणाल तर आमच्या राज्याने करून पाहिलं आहे. 26 जानेवारी 2001 नंतर तिसरं मूल झालं तर सरकारी नोकरीला अपात्र, असा नियम आला. त्याने काय झालं ते मी स्टाफरूममध्ये पाहिलं आहे. एका सहकाऱ्याचं तिसरं मूल कागदोपत्री त्याच्या भावाचं होतं. मधल्या सुट्टीत ते पोर डबा मागायला यायचं आणि चारचौघांत बापाला 'काका' म्हणायचं. सगळ्यांना ठाऊक, कोणी बोलायचं नाही. पंचायतींसाठीचा तसाच नियम राज्याने 2005 मध्ये मागे घेतला. तिकडे आंध्रने तर 2024 मध्ये स्थानिक निवडणुकांची दोन मुलांची अट काढून टाकली, आणि तिथले मुख्यमंत्री जास्त मुलं होऊ द्या म्हणताहेत. एकाच देशात एकाला पोरं जास्त झाल्याची भीती, दुसऱ्याला कमी पडल्याची. आणि लोकसंख्येवरून होणारी मतदारसंघांची फेरआखणी समोर असल्यावर ही भीती नुसती भावनेची राहत नाही.

मग अडचण कुठे आहे? माणसं किती, यापेक्षा ती कुठे गोळा होतात आणि तिथे त्यांच्या नावाचं पाणी आहे का, यात. हे मला इंदुरात बसून दिसतं.

1818 च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इथे आली. त्याच दरबारात कारकुनी करायला माझे खापरपणजोबा वाईहून आले. म्हणजे आम्ही मराठी लोक इथे बाहेरचेच. पुढे गिरण्या निघाल्या, उत्तर प्रदेशातून आणि खानदेशातून कामगार आले. फाळणीनंतर सिंधी आले. प्रत्येकाने आधी आलेल्यांची नाराजी खाल्ली आणि नंतर येणाऱ्यावर स्वतः नाक मुरडलं. आमची आजी सिंध्यांबद्दल जे बोलायची ते इथे लिहीत नाही. नंतर तिचं सगळं कापड त्यांच्याच दुकानातून यायचं.

1918 साली स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला या शहराचा अहवाल दिला. गल्ल्या पायी फिरून, नदी, विहिरी, गर्दी बघून लिहिलेला. तेव्हा शहर बिलावली, सिरपूरच्या तलावांवर भागत होतं. 1939 मध्ये गंभीर नदीवर यशवंत सागर जलाशय झाला. मग तोही पुरेना. नर्मदेचं पाणी शहराला मिळावं म्हणून झालेल्या 1970 च्या आंदोलनाच्या गोष्टी वडील सांगायचे. 1978 मध्ये नर्मदा आली. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्याचा घाट चढवून. त्या पंपांचं वीजबिल इतकं, की 2023 मध्ये नगरपालिक निगमला जलूदच्या सौर प्रकल्पासाठी ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढून लोकांकडून 244 कोटी घ्यावे लागले. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतात. पहाटे कोणी नळाला टुल्लू पंप लावला की शेजाऱ्याची धार बारीक, आणि दिवसाची सुरुवात भांडणाने.

2001 मध्ये शहर पंधरा लाखांच्या आसपास, 2011 मध्ये वीसच्या घरात. 2014 मध्ये हद्दीत 29 गावं आली. आज किती? अंदाज सगळेच सांगतात, मोजलेलं कोणाकडेच नाही. 1881 पासून दर दहा वर्षांनी होणारी गणना 2021 मध्ये पहिल्यांदा चुकली. 2008 मध्ये लागू झालेल्या शहराच्या मास्टर प्लॅनची मुदत 2021 लाच सरली. म्हणजे कोणत्या वस्तीत किती नळ, किती अंगणवाड्या, हे ठरवणारा माणूस अजून 2011 च्या वहीत बघतो. त्या वहीत माझी अकरा माणसं नाहीत.

आणि याची किंमत पाण्यापुरती नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात धान्य किती जणांना, याची कमाल 81.35 कोटी; तीही 2011 च्या गणनेवर बेतलेली. त्यानंतर पोटं वाढली, कोटा तिथेच. एक देश एक रेशन कार्डामुळे कार्ड असलेल्याला इंदुरात धान्य मिळतं, हे मान्य, चांगलं झालं. पण ज्याचं नावच कार्डात चढलं नाही त्याला गाव बदलून काय मिळणार?

आता परदेशातून येणाऱ्यांबद्दल. सीमा राखणं, कोण आलं हे माहीत असणं, हे सरकारचं कामच आहे. त्यात मला भाबडेपणा नको. 2025 च्या परदेशी नागरिक कायद्याने 1920 पासूनचे चार जुने कायदे एकत्र केले, तेही बरं केलं. पण आपल्या देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. त्यामुळे कोणाला ठेवायचं हे दर वेळी आदेशाने ठरतं, आणि आदेश आला की माणसाच्या पोटात गोळा येतो.

आमच्या मागच्या गल्लीत सिंधहून आलेलं एक हिंदू कुटुंब राहतं. दीर्घ मुदतीचा व्हिसा, दर खेपेला नूतनीकरण. 2014 च्या 31 डिसेंबरनंतर आले, म्हणून 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीत बसत नाहीत. साधा मार्ग बारा वर्षांच्या वास्तव्याचा. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, त्या रात्री त्यांच्या घरचा दिवा विझला नाही. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम आहेत, असा खुलासा नंतर आला. त्या आजीबाईंनी दुसऱ्या दिवशी गल्लीत सायभाजी, ही सिंधी पालेभाजी, वाटली.

आणि सराफ्यात, आमच्या सोनारांच्या बाजारात, उलट. रात्री तिथे भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला अख्खं शहर लोटतं, पण वरच्या मजल्यावर कोण बसतं ते फार कमी जण बघतात. बंगालचे कारीगर. माणूस वाकून चढेल इतका जिना, खोलीत फुंकणीची निळी ज्योत, मांडीवर कण पडू नये म्हणून चामड्याची झोळी. माझी पाटली सांधायला गेले होते, तर त्यातल्या एकाने सहज मोबाइल दाखवला. आजोबांच्या जमिनीच्या कागदाचा फोटो. "रखना पड़ता है, आंटी." बंगाली बोलणाऱ्याला बांगलादेशी समजून उचलल्याच्या बातम्या 2025 मध्ये किती राज्यांतून आल्या, आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. घुसखोर शोधायचाच तर मागे खात्रीची नोंद हवी. नोंद नसली की शोध भाषेवर आणि चेहऱ्यावर येऊन थांबतो.

माझा मुलगा टोरांटोला आहे. तिथेही हेच: घरभाडं परवडत नाही, डॉक्टरची वेळ मिळत नाही, बाहेरचे फार झाले. बाहेरचा म्हणजे आमचाच. पण तिथल्या सरकारची एक गोष्ट मला पटते. पुढल्या वर्षी किती जणांना कायम राहू देणार, हा आकडा ते दर वर्षी संसदेत मांडतात. 2025 साठी आधी पाच लाख ठरले होते. ऑक्टोबर 2024 मध्ये ते 3 लाख 95 हजारांवर आणले, आणि घरं, दवाखाने अपुरे पडताहेत म्हणून, असं उघड सांगितलं. मुलगा वैतागला, त्याच्या मित्रांचे अर्ज अडकले. मला मात्र वाटलं, भांडायला निदान एक आकडा तरी आहे.

आपल्याकडे परदेशातून येणाऱ्यांपेक्षा देशातल्या देशात हलणारे कितीतरी पट जास्त. 2011 च्या गणनेत 45 कोटींहून अधिक लोक जन्मगाव किंवा आधीचं ठिकाण सोडलेले होते. त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायका सर्वांत जास्त. त्या हिशेबाने मी पण स्थलांतरित, रामबागेतून सुदामा नगरात. पण त्या स्थलांतराचे तपशीलवार तक्ते बाहेर पडायला 2019 उजाडलं. आठ वर्षांनी कळलेल्या गर्दीसाठी कोणी काय नियोजन करायचं?

म्हणून मागणी एकच, फार खर्चाचीही नाही. फेब्रुवारी 2027 च्या गणनेत प्रगणकाच्या हाती कागदाऐवजी मोबाइल असेल. त्याच्या प्रशिक्षणात अर्धा दिवस बांधकामं, वीटभट्ट्या, पुलांखालच्या वस्त्या आणि सराफ्यासारख्या ठिकाणच्या माड्यांसाठी ठेवा. ठेकेदाराने 'गावी लिहितील' म्हटल्यावर काय करायचं, ते त्याला स्पष्ट सांगा. पश्चिम मध्य प्रदेशाच्या शहरांत भिली, भिलाली, बारेली या बोली येणारे काही जण सोबत द्या; मला त्या येत नव्हत्या आणि खरं सांगायचं तर ठेकेदाराचं ऐकणं म्हणूनच सोपं गेलं. 2027 ची होळीही मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आहे. म्हणजे ही माणसं फेब्रुवारीत पुन्हा कामावरच असणार, आमच्याकडे नाहीतर गुजरातेत. आणि स्थलांतराचे तक्ते या वेळी वर्ष-दोन वर्षांत शहरांच्या हाती द्या. मिशन असो की समिती, तिने आपला पहिला कागद त्यानंतर लिहावा.

त्या जुन्या इमारतीत आता बारा बिऱ्हाडं राहतात, पार्किंगमध्ये गाड्या मावत नाहीत. तिच्या पलीकडच्या प्लॉटवर गेल्या महिन्यात खोदकाम सुरू झालं. दोन कुटुंबं आली आहेत, या वेळी धार जिल्ह्यातली. नऊ माणसं, त्यातलं एक सहा महिन्यांचं. पिण्याचं पाणी आमच्या नळावरून नेतात. काम फेब्रुवारी 2027 च्या आत संपत नाही, हे मी ठेकेदाराला दोनदा विचारून घेतलं आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
सुदामा नगर, इंदूर