डॉ. सविता आंबेडकर नर्स नव्हत्या

मा. संपादक,
सप्रेम जय भीम.

रविवारच्या पुरवणीत बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या स्त्रियांवर पानभर लेख आला आहे. त्यात माईसाहेबांचा, म्हणजे बाबासाहेबांच्या दुसऱ्या पत्नी डॉ. सविता आंबेडकरांचा, उल्लेख ‘नर्स’ असा केला आहे, तोही दोन ठिकाणी, म्हणजे ही छपाईतली चूक नव्हे.

मी स्वतः नर्स. सगळी नोकरी महापालिकेच्या रुग्णालयात, मेडिकल वॉर्डात गेली. नर्स म्हटल्याने कुणी लहान होत नाही. पण तुमच्या लेखकाने त्यांना लहान करायलाच तो शब्द वापरला आहे. आजारी विधुर, उशाशी नर्स, मग लग्न, अशी गोष्ट त्यांना रंगवायची होती. माईसाहेब, माहेरच्या शारदा कबीर, ग्रँट मेडिकल कॉलेजमधून एम.बी.बी.एस. झालेल्या होत्या आणि बाबासाहेबांवर उपचार करणाऱ्या डॉ. मालवणकरांच्या हाताखाली काम करत होत्या. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत नोंदणी पद्धतीने लग्न झालं, तेव्हा बाबासाहेब ५७ वर्षांचे होते. ते देशाचे कायदामंत्री होते, मसुदा समितीचे अध्यक्ष होते, आणि मधुमेहाने व पायांच्या दुखण्याने पार पोखरलेले होते. आपल्याला कशाची गरज आहे हे त्यांना कळत होतं.

मधुमेहाचा रुग्ण त्या काळात सांभाळणं म्हणजे काय, हे आज बोटाला सुई टोचून आकडा बघणाऱ्यांना कळणार नाही. मी नोकरीला लागले तेव्हाही परीक्षानळीत निळं बेनेडिक्टचं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरायचं. निळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर साखर थोडी, विटकरी गाळ बसला की धावपळ. सिरिंज काचेची, सुया उकळून पुन्हा वापरायच्या. इन्सुलिन दिल्यावर जेवण अर्धा तास पुढे गेलं की माणूस घामाने डबडबतो, बरळायला लागतो. आणि इथे रुग्ण कोण, तर पुस्तक हातात घेतलं की जेवणाची शुद्ध नसलेले, रात्र रात्र लिहीत बसणारे बाबासाहेब! ही सेवा मानायची नसेल तर नका मानू, पण ती कुणी केली हे तरी लिहा.

बाबासाहेबांनी स्वतः ते लिहून ठेवलं आहे. बुद्ध आणि धम्मावरच्या ग्रंथासाठी १९५६ साली त्यांनी जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात प्रकृतीचे चढउतार सांगून ते म्हणतात की ही ज्योत विझली नाही, ती माझी पत्नी आणि डॉ. मालवणकर या दोघांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे. ग्रंथ पुरा झाला तो या दोघांमुळेच, असंही त्यात आहे. १९५७ साली ग्रंथ बाहेर आला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. ती लोकांसमोर यायला कितीतरी वर्षं गेली.

हा मजकूर मी आमच्या वसाहतीत रमाईंच्या, बाबासाहेबांच्या पहिल्या पत्नीच्या, जयंतीच्या फलकासाठी दिला होता. मंडळाचं नाव लिहीत नाही. एका बाजूला रमाईंचं आयुष्य, दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांचे स्त्रियांविषयीचे विचार, आणि खाली प्रस्तावनेतली ती वाक्यं. अक्षर आमच्याच शेजारच्या मुलाचं, सुरेख. ७ फेब्रुवारीला सकाळी हार घेऊन गेले, तर खालच्या ओळींवर पांढरा कागद चिकटवलेला. खळ अजून ओली होती. कागद पातळ असल्यामुळे ‘माझी पत्नी’ ही अक्षरं आरपार दिसत होती. विचारलं तर म्हणाले, “सिस्टर, आज रमाईचा दिवस आहे. त्यांचं नाव इथं नको.” मी म्हटलं, नाव मी नाही घातलं, बाबासाहेबांनी घातलंय. कुणी उत्तर दिलं नाही. ज्या बायकांच्या बाळंतपणात मी रात्री-अपरात्री धावले, त्याही गप्प उभ्या होत्या. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

माझी आई ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराला दादरच्या चौपाटीवर गर्दीत उभी होती. ती जिवंत असेपर्यंत माईसाहेबांचं नाव घरात काढायची सोय नव्हती. तिला दोष देत नाही. ज्यांचा बाप गेला, त्यांना कुणावर तरी राग धरावासा वाटतो, आणि माईसाहेब जन्माने ब्राह्मण होत्या. सरकारने चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक होता असा निर्वाळा दिला, तरी बाबासाहेबांच्या मृत्यूला त्याच कारण, हा संशय त्यांनी पुढे साऱ्या जन्मभर सोसला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर त्यांनीही दीक्षा घेतली होती, १९९० साली भारतरत्न त्यांनीच स्वीकारलं, आणि २००३ साली त्या गेल्या. आईकडे तिचं दुःख होतं. तुमच्या लेखकाकडे काय आहे? ‘आजही प्रश्न विचारले जातात’ एवढं एक वाक्य टाकून ते मोकळे झाले. कोण विचारतं, कशाच्या आधारावर, काही नाही.

रमाईंच्या बाबतीतही तेच. त्यांना नुसतं सोसणारी देवी करून टाकलं आहे. लग्नात नऊ-दहा वर्षांची मुलगी, नवरा अमेरिकेत आणि लंडनमध्ये, चार लेकरं डोळ्यांदेखत गेलेली. हे सोसणं खरंच आहे. पण बाबासाहेबांना त्याचं काय वाटत होतं? १९२८ साली ‘बहिष्कृत भारत’ या आपल्या पत्रात त्यांनी स्वतःविषयी लिहिलं आहे की परदेशातून परतल्यावरच्या हलाखीत जिने डोक्यावर शेणाचे भारे वाहिले, त्या पत्नीसोबत आपल्याला दिवसातला अर्धा तासही काढता आला नाही. वर्तमानपत्रात, चारचौघांसमोर, स्वतःच्या संसाराची ही कबुली! त्या काळातल्या किती पुढाऱ्यांनी दिली? रमाईंनी पंढरपूरला जायचं म्हटलं तेव्हा त्यांनी नेलं नाही, हेही लिहावं. ज्या देवळात बायकोला बाहेरूनच हात जोडावे लागले असते, तिथे ते तिला कसे नेणार? पण तिची इच्छा राहिली ती राहिलीच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि आमच्या लोकांना दोन्ही ऐकायला जड जात नाहीत.

१९४५ साली बाबासाहेबांनी एक पुस्तक ‘एफ’ या एका अक्षराला अर्पण केलं, त्यावर अर्धा स्तंभ खर्ची घातला आहे. हिंदू कोड बिलावर मात्र एक ओळ नाही. मुलीला वारसा, बाईला घटस्फोटाचा हक्क, एका बायकोवर दुसरी करायला बंदी, या मागण्या ज्या विधेयकात होत्या, ते लांबवलं गेलं म्हणून या माणसाने १९५१ साली मंत्रिपद सोडलं. राजीनाम्याला आणखीही कारणं होती, पण हे मोठं होतं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी ते बोलले. माझ्या मुलीच्या वेळी मला पगारी रजा मिळाली, तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. पुढे कळलं आणि मी ते वॉर्डातल्या प्रत्येक नव्या मुलीला सांगितलं. स्त्रियांकडे बघण्याची दृष्टी शोधायची तर ती इथे शोधा.

आता फोटो. दीक्षेच्या दिवसाचा फोटो तुम्ही छापलात आणि माईसाहेबांच्या बाजूने कापलात. कडेला पांढऱ्या साडीचा काठ तेवढा उरला आहे. स्त्रियांवरच्या लेखात, त्याच स्त्रीला कापून!

राहवत नाही म्हणून आणखी एक. दर ६ डिसेंबरला तुमच्या पहिल्या पानावर दादरची वाहतूक कुठून वळवली याचा नकाशा असतो. शिवाजी पार्कात पुस्तकांचे एवढे स्टॉल लागतात, खेड्यापाड्यांतल्या बायका पदराच्या गाठीतले पैसे सोडून पुस्तकं घेतात, त्याची बातमी कधी तरी द्या.

येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी की डॉ. सविता आंबेडकर या एम.बी.बी.एस. डॉक्टर होत्या. सोबत तो फोटो पुन्हा, पूर्ण छापावा. जागा कमी पडली तर माझं हे पत्र कापा, फोटो कापू नका.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, चेंबूर, मुंबई
(नाव छापू नये.)