कर गॅसवर की साखरेवर?

महोदय,

गोड पेयांवर सरकारचे नियंत्रण असावे की नसावे, असा वाद अधूनमधून वाचनात येतो. नियंत्रण आजही आहे, फक्त ते भलत्याच गोष्टीवर आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गॅस भरलेल्या शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे आणि फळांचा रस किंवा गर घातलेल्या, पण गॅस नसलेल्या पेयांवरचा कर त्याच दिवशी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गेल्या महिन्यात नातीच्या वाढदिवसाला, गॅस नको म्हणून, आम्ही कोलाऐवजी आंब्याच्या पेयाचे खोके वाटले. नंतर चष्मा लावून त्यावरचा बारीक मजकूर वाचला, तेव्हा साखर कोलाइतकीच निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलेली आदर्श मर्यादा दिवसाला सुमारे २५ ग्रॅम आहे. दोनशे मिलीलीटरच्या एका खोक्यात ती जवळपास संपते. उलट, साखर अजिबात नसलेल्या गॅसच्या पेयावरही ४० टक्केच कर लागतो. मग उत्पादकाने साखर कमी करावी तरी कशासाठी?

ब्रिटनने एप्रिल २०१८ मध्ये कर लावताना १०० मिलीलीटरमध्ये ५ ग्रॅम आणि ८ ग्रॅम अशा दोन पायऱ्या ठरवल्या. घोषणा २०१६ मध्येच झाली असल्याने अनेक उत्पादकांनी कर लागू होण्यापूर्वीच आपल्या पेयांतली साखर ५ ग्रॅमच्या खाली उतरवली. मला हा कर आवडतो तो याच कारणासाठी, कारण त्यात गिऱ्हाइकाला उपदेश करावा लागत नाही.

पोह्यांबरोबर जिलबी खाणाऱ्या इंदूरकराने साखरेविरुद्ध लिहावे, याचे काहींना हसू येईल. पण सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारातली घट्ट, दुधाची शिकंजी आपण गोड म्हणूनच, कधीमधी, रात्री मुद्दाम जाऊन पितो. हे खोके मात्र फळाचे म्हणून मुलांच्या दप्तरात रोज जातात. शाळेच्या आवारात आणि पन्नास मीटरच्या परिसरात जास्त साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. आमच्या भागातल्या शाळेसमोरच्या टपरीला तो माहीत असावा असे दिसत नाही.

जीएसटी परिषदेत प्रत्येक राज्याचा प्रतिनिधी असतो. गॅस असो वा नसो, पेयातल्या साखरेच्या ग्रॅमवर कराचा दर ठरावा, हा प्रस्ताव मध्य प्रदेशच्या प्रतिनिधीने पुढच्या बैठकीत मांडावा, अशी माझी मागणी आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
रामबाग, इंदूर