एलिया तिघांचाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पश्चिम आशियातल्या बातम्यांसोबत येणाऱ्या लेखांत ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान जणू जन्माचे वैरी म्हणूनच दिसतात. आजच्या लढाईमागे जमीन आहे, सत्ता आहे, विसाव्या शतकाचा इतिहास आहे. त्यावर जरूर लिहावे. पण हे तिघे ज्यांना ईश्वराचे संदेष्टे मानतात त्यांच्याविषयी मराठी वाचकाला फारसे काही कळत नाही, याची मला खंत वाटते. अब्राहमाचे नाव घेतले की विषय संपतो.

एलियाचेच पाहा. हिब्रू बायबलात तो कार्मेल डोंगरावर बआल या कनानी देवाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहतो. शेवटी अग्निरथ दिसतो आणि वावटळीतून तो स्वर्गात जातो. त्याला मरण आलेच नाही, म्हणून तो परतेल, ही ज्यूंची श्रद्धा. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा पेला भरतात, सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, जो एलिया यायचा होता तो बाप्तिस्मा करणारा योहानच. आणि डोंगरावर येशूचे रूप तेजस्वी होते त्या रूपांतराच्या प्रसंगी त्याच्याशी बोलायला मोशेबरोबर एलिया येतो. कुरआनात तो इलियास. साफ्फात सूरेत तो आपल्या लोकांना बआलच्या भक्तीवरूनच जाब विचारतो. एक त्याची वाट पाहतो, दुसरा तो येऊन गेला म्हणतो, तिसरा त्याला पैगंबरांत मोजतो. हा फरक खरा आहे, तो झाकू नये. तरी हैफामध्ये कार्मेलच्या उतारावर असलेल्या त्याच्या गुहेत ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान आणि द्रूझ पंथाचे लोक असे सगळेच दर्शनाला येत आले आहेत.

आणि हा एलिया आपल्या रायगडातही आहे! अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या, घोड्यांच्या टापांच्या, असे मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, मानतात. त्या जागेला ‘एलियाहू हन्नाबीचा (म्हणजे संदेष्टा एलियाचा) टापा’ म्हणतात. लग्नाआधी किंवा नवस फेडताना पोहे, गूळ, खोबरे घालून मलिदा करतात, फळे मांडतात आणि त्याचे गाणे म्हणतात. इस्रायलला गेलेल्या कुटुंबांतही मलिदा होतो.

आपल्या रविवार पुरवणीत सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हझ्झान, चर्चचे फादर आणि मशिदीचे मौलाना यांना एकाच पानावर एलियाविषयी लिहायला सांगावे. प्रत्येकाने आपल्या परंपरेत तो कसा आहे ते सांगावे, न पटणारे मुद्देही मांडावेत. सोबत खंडाळ्याच्या त्या खडकाचे छायाचित्र छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रायगड