सुतळी अजून सोडलेली नाही

माळीकाका,

कुंडी परत येऊन आज नऊ दिवस झाले. फोनवर मी आभार मानायला लागले तर तुम्ही "हो हो, पाणी बेतानं घाला" म्हणून ठेवूनच दिलात. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

आमच्या पाचपाखाडीच्या घरातला हा अनंत आईने लावलेला, 16 वर्षांचा. आईला आता जवळजवळ दिसत नाही. सकाळचा चहा झाला की खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं, ग्रिलमध्ये हात घालून पानं चाचपायची, कळी धरलीय का बघायचं. हेच तिचं पेपर वाचणं.

गेल्या वर्षी बिल्डिंगची दुरुस्ती निघाली. प्लास्टर फोडताना कुंड्या झाकून घ्या एवढंही सांगायला कुणी आलं नाही. महिनाभर सिमेंटची भुकटी मातीत मुरली. मग कोवळी पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की गळायच्या.

सल्ले काय कमी मिळाले? एक तज्ज्ञ पाचशे रुपये घेऊन आले, बूट घालूनच खिडकीपर्यंत गेले, मोबाइलवरून नजर न काढता "कॅल्शियम कमी आहे" म्हणाले आणि चुन्याची भुकटी देऊन गेले. गार्डनमध्ये लावतात म्हणून अनंताला इंग्रजीत गार्डेनिया म्हणतात, हे ज्ञानही त्यांचंच. (अलेक्झांडर गार्डन नावाच्या डॉक्टरवरून ते नाव पडलंय, हे मला नंतर कळलं.) दुसरे एक नर्सरीवाले तर आईच्या समोर म्हणाले, "टाकून द्या मॅडम, दीडशेत नवा देतो." त्या दिवशी आई जेवली नाही.

तुम्ही चपला दाराबाहेर काढल्यात. माती चिमटीत चुरडलीत आणि विचारलंत, "चुना कोणी घातला ह्याला?" अनंताला आंबट माती लागते, चुना झाला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. "ताट वाढलंय, पण तोंड शिवून ठेवलंय," असं तुम्ही म्हणालात ते आई अजून सगळ्यांना सांगते. पुढे लाल माती, पालापाचोळ्याचं खत, हिराकस वगैरे तुम्ही जे केलंत ते तुमचं कसब. त्यावर मी काय बोलणार!

मला लिहायचंय ते सुतळीबद्दल. होळीच्या आधी कुंडी तुमच्याकडे न्यायची ठरली. उचलण्याआधी तुम्ही थांबलात, आईला म्हणालात, "आजी, रोज लावता तसा हात लावा बघू." आईने हात पुढे केला. तो जिथे पोचला, त्या बाजूला कुंडीच्या काठाखाली तुम्ही सुतळी बांधून गाठ मारलीत. "झाड फिरवून ठेवलं तर आजींची फांदी जायची भिंतीकडे," एवढंच बोललात. आम्ही दोघी बहिणी तिथेच उभ्या होतो. इतकी वर्षं रोज बघूनही आमच्या ते लक्षात आलं नव्हतं.

पैसे तुम्ही मोजून घेतलेत, हेही मला आवडलं. उपकार केल्याचा आव कुठेच नव्हता. चांगुलपणा म्हटलं की आपल्याला फुकट काम करणारा माणूस आठवतो. मला आता, दुसऱ्याचा हात कुठवर पोचतो ते बघून घेणारा आठवेल.

मृगाच्या आधी तुम्ही कुंडी आणून ठेवलीत, गाठ खुर्चीकडे करून. नवी पानं हिरवीगार आहेत. परवा आईने चाचपता चाचपता हाक मारली, "अगं, तीन आहेत!" त्यातली एक काल उमलली. आज तिचा पांढरा रंग जरा पिवळट झालाय, वास मात्र जिन्यापर्यंत येतोय.

उरलेल्या दोन रविवारपर्यंत उमलतील असं आईचं म्हणणं आहे. सकाळी या. चहा आईच्या खुर्चीजवळच घेऊ.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची