वहीतल्या रिकाम्या ओळी

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वीस मुलींसाठी एवढी ओढाताण? नोकरी सांभाळून झालं नसतं का?" मी विषय बदलला. रागावले नव्हते, उत्तर फोनवर मावणारं नव्हतं.

संस्था काढली तेव्हा मला काम सोपं वाटलं होतं. एक कमावती बाई मेंटॉर म्हणून, म्हणजे वाट दाखवणारी सोबतीण, आणि एक आठवी-नववीतली मुलगी, दोघींची गाठ घालून द्यायची, आठवड्याला एक तास. पुढचं आपोआप होईल. पहिल्याच वर्षी एक मेंटॉर अडीच महिन्यांत यायची थांबली. काम वाढलंय म्हणाली, खरंही असेल. तिच्या वाट्याची मुलगी मात्र पुढचे तीन शनिवार वेळेवर येऊन बसली. वहीत प्रश्न लिहून आणायची, एकाखाली एक, मध्ये उत्तरासाठी ओळी मोकळ्या सोडून. चौथ्या शनिवारी तिने वही मिटली आणि विचारलं, "ताई, माझं काही चुकलं का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे वाचनात आलं, की जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोघी अमेरिकन संशोधकांनी २००२ मध्ये हेच दाखवून दिलं होतं. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मात्र मुलांचा आत्मविश्वास उलट खालावला. म्हणजे आम्ही त्या मुलीला मदत करण्यात नुसते कमी पडलो नव्हतो, तिचं नुकसान केलं होतं.

म्हणून वीसच, बाबा. आता मेंटॉर आधी वर्षभराचा शब्द देते, तिची नीट चौकशी होते, भेट कधीही बंद दाराआड होत नाही. दर महिन्याला मी दोघींशी वेगवेगळं बोलते. आणि मेंटॉरना आम्ही सगळ्यात आधी शिकवतो ते गप्प बसायला. सल्ले देणारे मुलींच्या आजूबाजूला पुष्कळ असतात. वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारं कुणी नसतं.

एका देणगीदारांना दोनशेचा आकडा हवा होता. मी नाही म्हटलं. त्यानंतर दोन महिने माझा पगार निघाला नाही. हे तुमच्यापासून लपवलं, माफ करा.

आई, आता तुझ्याकडे एक मागणं. ती वहीवाली मुलगी त्यानंतर कुणाशीच जोडी करायला तयार नव्हती. गेल्या आठवड्यात आपणहून म्हणाली, "हिशेबाचं काम केलेलं कुणी आहे का?" तू तीस वर्षं खातेवह्या लिहिल्यास. दर शनिवारी एक तास, गुडघे दुखत असतील तर फोनवर. पण पुरं वर्ष. लगेच हो म्हणू नकोस, दोन दिवस विचार कर. तुझी मुलाखत माझी सहकारी घेईल, मी नाही.

तुमची लेक