भोगवटा प्रमाणपत्राआधीची चावी

पुणे

प्रिय अनिल,

सप्रेम नमस्कार. रावेतच्या सदनिकेची चावी घेऊन जा, असे बिल्डरच्या कचेरीतून पत्र आले आहे आणि ते वाचल्यापासून तुला लिहायची निकड लागली आहे, कारण असे पत्र पाहून तुमच्या आप्पांची आठवण यावी असा माणूस माझ्याखेरीज तूच. आमच्याकडे सर्व ठीक. बाबांचे गुडघे आहेत तसेच आहेत.

गोष्ट अशी की इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे तिथे राहायला परवानगी देणारा महापालिकेचा दाखला, अजून मिळालेले नाही. अग्निशमनचा अंतिम दाखला यायचा आहे, तो आला की आठवडाभरात प्रमाणपत्र हाती पडेल, असे तिथला विक्री व्यवस्थापक सांगतो आणि तोवर फर्निचरच्या कामासाठी म्हणून ताबा घ्या म्हणतो. त्यासाठी त्यांना करारातला शेवटचा पाच टक्क्यांचा हप्ता, दोन वर्षांचा देखभाल खर्च आगाऊ आणि एका छापील कागदावर सही हवी आहे. त्या कागदावरचे वाक्य जसेच्या तसे उतरवून देतो : ‘सदनिकेची मी समक्ष पाहणी केली असून बांधकामाबाबत माझी कोणतीही तक्रार नाही व ताब्यास झालेल्या विलंबापोटी मी व्याज अथवा नुकसानभरपाई मागणार नाही.’

पाहणी मी केली आहे, आणि माझी तक्रार आहे. न्हाणीघराचा उतार जाळीकडे असायचा तो दाराकडे आहे. बादलीभर पाणी ओतले तर ते उंबऱ्यावरून खोलीत येते. हॉलमधल्या काही फरशा नाण्याने ठोकल्या की पोकळ वाजतात. चटई क्षेत्र मात्र टेपने मोजले तेव्हा करारात लिहिल्याइतके भरले, हेही सांगायला हवे. फरशा आणि उतार ते दुरुस्त करून देतील, माझी खरी काळजी त्या सहीची आहे. करारातली ताब्याची तारीख उलटल्यावरही ग्राहक प्रकल्पात राहिला, तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज देणे रेरा या घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याच्या कलम 18 ने बिल्डरवर बंधनकारक आहे, आणि महाराष्ट्रात तो दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा, म्हणजे कर्जाच्या पायाभूत दरापेक्षा, 2 टक्क्यांनी जास्त धरतात. मी चावी घेतली की ताबा दिला असे तो म्हणणार आणि व्याजाचा प्रश्न मिटवणार. शेवटचे पाच टक्केही खिशात पडल्यावर प्रमाणपत्रासाठी धावपळ करण्याची त्याला गरज काय? महारेराच्या, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, नमुना करारनाम्यात तो हप्ता भोगवटा प्रमाणपत्रानंतरच्या ताब्याच्या वेळी ठेवला आहे, तो उगीच नव्हे.

घरात हे पटवणे मात्र अवघड झाले आहे. भाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालू आहेत, बाबांना श्रावणातला मुहूर्त गाठून वास्तुशांत करायची आहे, आणि शेजारच्या विंगेतले लोक चाव्या घेऊन मोकळे झाले असून ‘सगळेच राहायला गेले की कोण बाहेर काढणार’ असे फोन करून सांगतात.

हेच वाक्य डोंबिवलीत तुमच्या जिन्यात ऐकले होते, आठवते ना? आप्पांनी तेव्हा चारचौघांबरोबर चावी घेतली. वास्तविक पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत बिल्डरने ताबा देऊ नये आणि कोणी तो घेऊही नये, असे 1963 च्या मोफा या सदनिकांविषयीच्या कायद्यातच स्पष्ट लिहिलेले होते. पण ते कोणाला सांगितले कोणी? मग दाखला नाही म्हणून नळजोडणी नाही, आणि नळाला पाणी नाही म्हणून टँकर. भोंगा वाजला की तू बीजगणित टाकून बादल्या घेऊन पळायचास आणि दीड तासाने यायचास, हे काकूंना पक्के ठाऊक होते! पुढे अभिहस्तांतरणही, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे करणेही, झाले नाही, सातबारावर मूळ मालकाच्या वारसांची नावे तशीच राहिली, आणि आप्पा निवृत्तीनंतर त्या फायली घेऊन ठाण्याला खेटे घालत बसले. तू त्याला हट्ट म्हणालास, मी आप्पांची बाजू घेतली, आणि त्या दिवाळीत आपण एकमेकांच्या घरी फराळालाही गेलो नाही. तेव्हा बोललो ते मला आजही खरे वाटते : पहिल्या दिवशीच कोणीतरी अडून बसायला हवे होते.

म्हणून मी अडून बसायचे ठरवले आहे. प्रमाणपत्राची प्रत मिळताच हप्ता भरतो, दोष दुरुस्त करून द्या आणि व्याजाचा हक्क मी सोडलेला नाही, असे स्पीड पोस्टने लेखी कळवणार आहे. प्रमाणपत्र आल्यावर दोन महिन्यांच्या आत ताबा घेणे हे कायद्याने माझ्यावरही बंधन आहे, ते मी पाळीन. महारेराकडे जायची वेळ आलीच तर अजून चावी न घेतलेल्या मंडळींनी एकत्र जावे, यासाठी मी त्यांना भेटतो आहे.

तुझी नागपूरची बदली टळली का? चिन्मयीचे बारावीचे गुण कळले, तिला शाबासकी सांग. वहिनींना नमस्कार.

एक काम कर. आप्पांची फाईल तुझ्याकडे असेल तर त्यातल्या नळजोडणी नाकारल्याच्या पत्राची आणि आप्पांनी वारसांना लिहिलेल्या अर्जाची छायाप्रत लवकर पाठव. बाबा आप्पांना फार मानत, त्यांच्या हस्ताक्षरातले ते वाचले तर श्रावणाचा आग्रह सोडतील असे वाटते. शिवाय रविवारी त्यांना एक फोन कर. या बाबतीत ते माझ्यापेक्षा तुझे ऐकतील.

तुझा,
माधव