उडतानाचा फोटो

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या पगारातली लेन्स घेऊन काल आई आणि मी नांदूरमध्यमेश्वरला पाखरं बघायला जाऊन आलो. निफाडची थंडी तुला ठाऊकच आहे. वाटेत द्राक्षबागांमधून शेकोट्या धुमसत होत्या, मणी तडकू नयेत म्हणून माणसं रात्रभर जागलेली.

खानगाव थडीला मनोऱ्यावर चढलो तेव्हा धुक्यात काहीच दिसेना, नुसता कलकलाट. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथल्या जुन्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, त्याची बेटं झाली, त्यावर गवत-लव्हाळी माजली आणि पाखरांचं फावलं. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून हेच जाहीर झालं.

धुकं विरलं तसे आधी वारकरी पक्षी दिसले. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. आई म्हणाली, "दिंडीच निघाल्येय!" एक जांभळी पाणकोंबडी पायाच्या बोटांत देठ धरून सोलून खात होती, अगदी आपण ऊस खावा तशी. तिच्यापाशीच अर्धा तास गेला.

आणि मग पट्टकादंब. पलीकडच्या चिखलावर चाळीसेक असतील. पांढऱ्या डोक्यावर ते दोन काळे पट्टे लेन्समधून स्वच्छ दिसले आणि माझा हात थरथरला गं. हिमालय ओलांडून आलेली पाखरं ही! त्या उंचीवरच्या विरळ हवेतला प्राणवायूही धरून ठेवतं असं त्यांचं रक्त असतं.

तू उडतानाचा फोटो मागितला होतास. तो मिळता मिळता राहिला, का ते सांगतो. दोन तरुण कॅमेरे घेऊन काठाने पुढे गेले आणि त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. सगळा थवा एकदम उठला, थेट आमच्या अंगावरून गेला. माझा फोकस लागलेला होता, बोट बटणावर होतं. मी कॅमेरा खाली घेतला. एवढ्या प्रवासानंतर ही पाखरं इथे खातात, निजतात, अंगावर चरबी धरतात. उन्हाळ्याच्या तोंडाला परत जायची शिदोरी तीच. टाळ्यांनी उडवलं की त्यातलंच खर्च होतं. तो फोटो तुला पाठवणं मला जमलं नसतं. त्या मुलांना मी शांतपणे सांगितलं. एकाने ऐकलं, दुसरा निघून गेला. मला फार वाईट वाटलं.

आम्ही हललो नाही. तासाभराने आठ-दहा परत आले.

सोबतचा फोटो त्यातल्याच एकाचा आहे. एका पायावर उभा, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. मोठा करून बघ, डोळा किंचित उघडा आहे.

संक्रांतीला येशील तेव्हा पहाटे साडेचारला उठवीन. जाड स्वेटर आण, आणि तो लाल नको, मातकट रंगाचा आण.

तुझा,
बाबा